मे महिन्यात मायक्रोवर्म कोणी टिकवले आहेत का?

शेवाळ | ४ मे, रात्री ११.१०

सरळ मुद्द्यावर येते. गेल्या पाच आठवड्यांत माझी मायक्रोवर्मची, म्हणजे माशांच्या पिलांच्या खाद्यासाठी डब्यात वाढवायच्या बारक्या किड्यांची, तीन कल्चर मेली. चौथं आज सकाळपासून आंबट सोडून भलताच वास मारतंय. टाकीत फायटर माशाची पिलं आहेत, पोहायला लागून आज सहावा दिवस. पुणे, धायरी, वरचा मजला, पश्चिमेची भिंत. स्वयंपाकघरात दुपारी ३६ अंश.

आधीची कथा. जानेवारीत पहिल्यांदा फायटरची जोडी लावली. नराने कोपऱ्यात फेसाचं घरटं बांधलं, दीड दिवसात अंडी फुटली, पिलं दोन-तीन दिवस घरट्याखाली शेपूट खाली करून लोंबकळली आणि मग आडवी पोहायला लागली. इथवर सगळं नरानेच केलं. पुढचं काम माझ्याकडे आलं आणि तिथेच मी माती खाल्ली. दुकानदाराने सांगितलं, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घाला. घातला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ, तिसऱ्या दिवशी तळाला पांढरा थर, आठवड्याने दीडशेक पिलांतली अकरा उरली. पावडरच्या खाद्याकडे ती बघतसुद्धा नाहीत. जे हलत नाही ते त्यांच्या लेखी जेवणच नाही.

मग एका ओळखीच्या हौशी माणसाने चमचाभर मायक्रोवर्म दिले. स्टार्टर म्हणतात त्याला, पण मला विरजण हाच शब्द बरोबर वाटतो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओट्सची घट्ट लापशी, वर चिमूटभर यीस्ट, त्यावर ते विरजण, झाकणाला सुईने भोकं. चौथ्या दिवशी झाकण उघडलं आणि बॅटरी मारून पाहिलं, तर डब्याच्या भिंतीवर बोटभर उंचीपर्यंत काहीतरी ओलं, रुपेरी सळसळत होतं. एक किडा जेमतेम दीड मिलिमीटरचा, एकटा असला तर दिसतही नाही. हजारोंनी एकत्र चढले की भिंतच हलल्यासारखी वाटते. जुन्या रंगाच्या ब्रशने ती भिंत पुसायची, ब्रश वाटीभर पाण्यात खळबळायचा, ड्रॉपरने टाकीत सोडायचं. दहा मिनिटांत पिलांची पोटं पांढरी टम्म. भिंग लावून बघत बसायचे मी, पोळ्या करपायच्या.

फेब्रुवारी-मार्च असे मजेत गेले. एक डबा तीन-साडेतीन आठवडे सहज चालायचा. एप्रिल लागला आणि गणित बिघडलं. आठव्या-नवव्या दिवशी लापशी पातळ होते, करडी पडते, किडे भिंत सोडून खाली जातात आणि दहाव्या दिवशी डबा उघडवत नाही. नवीन डबा लावायला जावं तर विरजणातच जीव नसतो.

उन्हाळ्यात तुम्ही काय करता? एसीत ठेवा हे सोडून सांगा, एसी फक्त बेडरूममध्ये आहे आणि तिथे हे डबे न्यायला बंदी आहे.

डबकं | ४ मे, रात्री ११.३२

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडेही पिलं यायच्या बेतात आहेत.

खडकाळ | ५ मे, सकाळी ७.०५

शेवाळताई, आधी आजचं काम. चौथा डबा अजून पूर्ण गेला नसेल तर भिंतीवर, झाकणाच्या आतल्या बाजूला जे चुकार किडे आहेत ते ब्रशने गोळा करा. सडक्या लापशीतून चमचा भरून घेऊ नका. चमच्याने घेतलं की सडणंही सोबत येतं आणि नवा डबा पहिल्या दिवसापासून आजारी. तुमची विरजणं बहुधा त्यामुळेच वाया गेली.

आता मूळ दुखणं. मायक्रोवर्म ओट्स खात नाहीत. ओट्सवर जे यीस्ट आणि जिवाणू वाढतात ते खातात. म्हणजे आपण पोसतो ते यीस्टला. २२ ते २८ अंशांत यीस्ट आणि किडे बरोबरीने वाढतात. ३२ च्या वर गेलं की सडवणारे जिवाणू सगळ्यांच्या पुढे पळतात, लापशीचं पाणी होतं, खालच्या थरात हवा उरत नाही. किडे उन्हाने मरायच्या आधी गुदमरून मरतात.

तेव्हा उन्हाळ्यात तीन बदल. लापशी इतकी घट्ट की चमचा उभा राहिला पाहिजे. थर अर्ध्या पेराएवढाच, जाड थर म्हणजे खाली गटार. आणि डबा बिघडायची वाट बघायची नाही. तुम्ही नऊ दिवसांनी मरतो म्हणताय ना, मग पाचव्या दिवशी भिंतीवरून पुढचा लावायचा. माझ्याकडे मेमध्ये तीन डबे फिरते असतात, झाकणावर तारीख. दह्याचं जसं आंबट ढोण व्हायच्या आत बाजूला काढतो, तसंच.

थंडाव्यासाठी: परातीत दोन इंच वाळू, वाळू ओली, डबा त्यात रुतवायचा आणि वरून ओलं फडकं, फडक्याचं टोक पाण्यात. वारा लागेल अशी जागा. माझ्या सोलापुरातल्या घरी ४१ अंशांत आतलं तापमान २९ च्या आसपास राहिलं आहे, थर्मामीटर ठेवून बघितलंय. माठाचंच तत्त्व.

आणि हो, परातीतल्या पाण्यामुळे मुंग्याही येत नाहीत. ओट्सला मुंग्या लागल्या की एका रात्रीत डबा साफ.

टीचभर | ५ मे, सकाळी ९.४८

एवढा खटाटोप कशाला? दुकानात टुबिफेक्स किडे मिळतात की. लाल गोळा, वीस-तीस रुपयांत कपभर. मी पंधरा वर्षं घालतोय, गप्पी आणि एंजल धष्टपुष्ट.

खडकाळ | ५ मे, सकाळी १०.१५

टीचभरराव, पहिली गोष्ट म्हणजे सहा दिवसांचं फायटरचं पिलू तीन-चार मिलिमीटरचं आणि टुबिफेक्स दोन-तीन सेंटिमीटरचा. पिलू त्याला खाणार की तो पिलाला?

दुसरी गोष्ट, तो लाल गोळा येतो कुठून ते एकदा बघून या. नाल्याच्या, सांडपाण्याच्या गाळात डोकं खुपसून, शेपूट वर हलवत जगणारा प्राणी आहे तो. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्याच्यातही असतं, म्हणून लाल आणि म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या घाणीत टिकतो. ज्या गाळात राहतो तो गाळच पोटात. गाळात जड धातू असतील तर तेही.

टीचभर | ५ मे, सकाळी १०.४०

नळाखाली धार लावून दोन-तीन दिवस ठेवले की पोट साफ होतं. आमच्या वेळी सगळे हेच करायचे. मासे मेले नाहीत कुणाचे.

चिमणदांडा | ५ मे, सकाळी १०.५२

मेले असतील हो काका, पण तेव्हा धागे काढायची सोय नव्हती. ह.घ्या. (हलके घ्या)

शेवाळ | ५ मे, दुपारी १.२०

खडकाळ, खूप आभार. झाकणाच्या कडेला सापडले! अगदी पातळशी रेघ होती. कुकरच्या झाकणात (दुसरं काही हाताशी नव्हतं) ओट्स थापून त्यावर लावलेत. यीस्ट मी प्रत्येक वेळी सढळ हाताने घालत होते, लवकर वाढावेत म्हणून. तेही चुकत होतं का?

खडकाळ | ५ मे, दुपारी २.०२

चिमूट म्हणजे चिमूटच. जास्त यीस्ट म्हणजे जास्त वायू, लापशी फुगते, झाकणाला चिकटते आणि दोन दिवसांत दारूचा वास. एकदा किडे स्थिरावले की यीस्ट नाही घातलं तरी चालतं.

मडगावचा_मासा | ५ मे, संध्याकाळी ६.३०

खडकाळ यांची ओल्या वाळूची युक्ती सोलापूर-पुण्याला चालेल, कारण हवा कोरडी. आमच्याकडे मेमध्ये हवेतच एवढं पाणी असतं की फडकं वाळतच नाही, मग गार कसलं होणार. मी दोन वर्षं प्रयत्न करून मायक्रोवर्मचा नाद सोडला आणि व्हिनेगर ईलवर आलो. आळशी माणसाने हेच पाळावेत.

नावात ईल असलं तरी तोही सूतभर किडाच, साधारण दोन मिलिमीटरचा, मायक्रोवर्मपेक्षा बारीक. राहतो चक्क व्हिनेगरमध्ये. बाटलीत अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, सफरचंदाची एक फोड आणि विरजण. तोंडाला फडकं बांधून कपाटात ठेवून विसरून जायचं. महिनाभराने उजेडासमोर धरलं की वरच्या भागात धुरासारखी वळवळ दिसते. माझी एक बाटली आठ महिने झाले तशीच आहे, मी फक्त अधूनमधून फोड टाकतो.

एक सावधगिरी. दुकानातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर घेऊ नका. लेबल नीट वाचा, सिंथेटिक लिहिलेलं असतं. ते नुसतं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि पाणी, त्यात खायला काहीच नाही. सफरचंदाचं घ्या. मी माडाच्या सुरेचं घेतो, आमच्या वाड्यावरचा रेंदेर सूर काढतो आणि त्याची बायको घरी व्हिनेगर मुरवते. आई त्यातलंच सोरपोतेलला, म्हणजे आमच्या डुकराच्या मटणाच्या कालवणाला, वापरते. दोन बाटल्या वेगळ्या शेल्फवर असतात, तुम्ही विचारायच्या आत सांगतो.

काढायचे कसे हा खरा प्रश्न, कारण व्हिनेगर टाकीत जाऊन चालत नाही. उंच बारीक मानेची बाटली घ्यायची. मानेच्या बुडापर्यंत कल्चर भरायचं, त्यावर फिल्टरच्या लोकरीचा बोळा, तो कल्चरला टेकला पाहिजे. वर साधं पाणी हळूच ओतायचं. ईलना हवा लागते, ते बोळ्यातून वर गोड्या पाण्यात येतात. रात्री लावलं की सकाळी ड्रॉपरने वरचं पाणी तेवढं उचलायचं.

फायटरच्या पिलांसाठी याचा मोठा फायदा असा की मायक्रोवर्म पाण्यात पडले की तळाला जातात आणि अर्ध्या-एक दिवसात मरतात. तळाला तोंड लावणाऱ्या कोरी माशाच्या पिलांना ते बरं. फायटरची पिलं वरच्या थरात असतात. ईल मात्र कित्येक दिवस जिवंत राहून मधल्या-वरच्या पाण्यात पोहत राहतात.

शेवाळ | ५ मे, रात्री ९.१५

हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. माझ्या टाकीच्या तळाशी रोज सकाळी पांढरी साय दिसते, मी ती बुरशी समजत होते. ते मेलेले मायक्रोवर्म!

खडकाळ | ५ मे, रात्री ९.३०

अगदी. म्हणजे तुम्ही जास्त घालताय. दिवसातून तीनदा थोडे थोडे घाला, आणि स्पंज फिल्टरचे बुडबुडे अगदी मंद ठेवा, किडे जरा वेळ तरंगते राहतात. तळाची साय नळीने रोज ओढून काढा. पिलं उपाशी कमी मरतात, घाण पाण्याने जास्त.

रानमेवा | ६ मे, सकाळी ६.४०

धागा वाचला आणि धास्ती वाटली. मायक्रोवर्म म्हणजे सूत्रकृमीच ना? आमच्या सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा सूत्रकृमींनी खाल्ल्यात, मुळांना गाठी येतात, झाड पिवळं पडतं. आणि तुम्ही लोक ते घरात पाळताय, पाणी झाडांना घालताय?

पाटीपुस्तक | ६ मे, सकाळी ८.२०

रानमेवा, शंका रास्त आहे. मी जीवशास्त्र शिकवते म्हणून सांगते. सूत्रकृमी हा फार मोठा गट आहे. डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारी जात म्हणजे मेलॉइडोगाइन. तिच्या तोंडात सुईसारखं टोक असतं, ते मुळाच्या पेशीत खुपसून ती रस ओढते. मायक्रोवर्मला, म्हणजे पॅनाग्रेलसला, तशी सुईच नसते. तो जिवाणू आणि यीस्ट गिळतो, मूळ फोडणं त्याला जमत नाही. व्हिनेगर ईलचंही तसंच. टाकीचं पाणी खुशाल झाडांना घाला.

जाता जाता: पॅनाग्रेलसची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिलं देते, आणि ती काही दिवसांत वयात येतात. म्हणून चमचाभर विरजणाचा चार दिवसांत डबा भरतो. टुबिफेक्स आणि ग्रिंडल (माशांना घालायचा आणखी एक किडा) मात्र सूत्रकृमी नव्हेत. ते वलयांचे, गांडुळाचे चुलतभाऊ.

अवांतर: व्हिनेगरमधले हे जीव रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बघून लिहून ठेवले आहेत. तेव्हाच्या घरगुती व्हिनेगरमध्ये ते सर्रास असत आणि लोक तेच व्हिनेगर खात. मडगावच्या सोरपोतेलची काळजी नको.

रानमेवा | ६ मे, सकाळी ८.५५

धन्यवाद मॅडम. मग आता एक आमच्याकडचं सांगतो. शेततळ्याशेजारी टाकीत दोन ऑस्कर आहेत, पोराने हौसेने आणलेले, आता वीतभर झालेत. त्यांना गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं देतो. आधी एका मित्राकडची लाल, पट्ट्यापट्ट्यांची गांडुळं टाकली तर तोंडात घेऊन थुंकायचे. ती दाबली की पिवळं, उग्र पाणी सोडतात. आमच्या वाफ्यातली जाड आफ्रिकन गांडुळं मात्र लगेच फस्त. शेणातून काढून रात्रभर ओल्या कागदात ठेवतो, पोट रिकामं होतं. औषध मारलेल्या रानातली कधीच देत नाही.

पाटीपुस्तक | ६ मे, सकाळी ९.१०

थुंकलेली ती आयसेनिया फेटिडा, आवडलेली ती युड्रिलस. माशांची जीभ पक्की असते.

चिमणदांडा | ६ मे, दुपारी १२.१५

मी तर बाल्कनीत बादलीभर पाणी ठेवतो, चार दिवसांत डासांच्या अळ्या. फुकट, ताज्या, मासे वेडे होतात. कल्चर-बिल्चर काही नको.

पाटीपुस्तक | ६ मे, दुपारी १२.४०

कृपया नको. स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो तो डेंग्यूचा एडिस. एक दिवस गाळायला विसरलात की अख्ख्या सोसायटीला भेट. महापालिकेचे लोक तपासणीला येतात, दंडही करतात, आणि बरोबर करतात. ते गप्पी सोडून अळ्या संपवायला बघतात आणि तुम्ही गप्पीसाठी अळ्या वाढवताय!

चिमणदांडा | ६ मे, दुपारी १२.५८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(बादली पालथी केली.)

फिक्कट_चहा | ६ मे, रात्री ११.५०

एडिनबरातून. तुमचं दुखणं वाचून हसू आलं, कारण माझं नेमकं उलटं. गॅरेजमध्ये हिवाळ्यात ९ अंश, उन्हाळ्यात १७. इथे मायक्रोवर्म आळसावून पडून राहतात. पण व्हाइट वर्म, म्हणजे एन्किट्रियस अल्बिडस, या गारठ्यात भरभरून वाढतात. आइस्क्रीमच्या डब्यात ओलसर कोकोपीट, त्यावर दुधात भिजवलेला पावाचा तुकडा, वर काच. काच उचलली की खालच्या बाजूला पांढरा गुंता. दोन-तीन सेंटिमीटर लांब, मोठ्या माशांना विणीवर आणायला उत्तम, पण चरबी फार, आठवड्यातून दोनदाच.

भारतात हे फ्रिजशिवाय जगणार नाहीत, तिकडे प्रयत्नच करू नका. तुमच्यासाठी त्यांची धाकटी बहीण: ग्रिंडल. गेल्या शतकाच्या चाळिशीत स्वीडनमधल्या ग्रिंडलबाईंनी व्हाइट वर्मच्या कल्चरमधून उबेत जगणारे बारके किडे वेगळे केले, म्हणून हे नाव. सेंटिमीटरभर लांब, २० ते २७ अंशांत खूश. नाशकात माझी बहीण भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरवर वाढवते. माती नाही, काही नाही. डब्यात दोन स्क्रबर एकावर एक, तळाला थोडं पाणी, वर कुत्र्याच्या खाद्याचे चार दाणे. पाण्याने स्क्रबर खळबळला की किडे हातात. तिच्याकडे एकदा बारीक माइट झाले, पिठात होतात तसे. तिने डबा काठोकाठ पाण्याने भरला. माइट वर तरंगले, किडे खाली बसले, वरचं पाणी ओतून दिलं.

डबकं | ७ मे, सकाळी ७.३०

ग्रिंडल फायटरच्या पिलांना कधीपासून?

फिक्कट_चहा | ७ मे, दुपारी ३.१०

महिन्याची झाली की. त्याआधी तोंडात मावत नाहीत, अर्धा बाहेर ठेवून फिरतात, शेवया खाणाऱ्या लहान पोरांसारखी.

शेवाळ | १७ मे, रात्री १०.२०

धागा वर काढते, हिशोब द्यायचा आहे.

कुकरच्या झाकणावरचं कल्चर पाचव्या दिवशी भिंत चढलं. (झाकणाला भिंत अशी नाही, कडेवर म्हणा.) त्यातून दोन डबे लावले, त्यांतून परवा आणखी दोन. घट्ट लापशी, पातळ थर, परातीत ओली वाळू. काल दुपारी बाहेर ३९, वाळूत २८.५. झाकणावरचं पहिलं कल्चर बारा दिवस टिकलं आणि मरायच्या आत मीच ते फेकलं. हे पहिल्यांदाच घडलं.

सासूबाईंना इतके दिवस या प्रकाराची किळस होती. परवा त्या स्वतःहून म्हणाल्या, "अगं, त्या डब्यांची तारीख झाकणावर कशाला घालतेस, झाकणं बदलतात." खरंच बदलली होती. दोन डब्यांचा घोळ झाला होता आणि मी जुन्यातलं विरजण नवं समजून लावणार होते. आता तारीख डब्याच्या पोटावर.

एक अपघातही झाला. नवऱ्याने रात्री दीड वाजता फ्रिजच्या दारातला राखीव डबा श्रीखंड समजून उघडला. चमच्याचं टोक आत गेलं होतं, तोंडापर्यंत पोचलं नाही असं तो म्हणतो. मी खोदून विचारलेलं नाही. आता सगळ्या डब्यांना लाल चिकटपट्टी.

पिलं: जी सहाव्या दिवशी होती त्यातली साठच्या वर आहेत. तळ रोज ओढते. मोठ्यांच्या परांना निळसर झाक दिसायला लागली आहे, खात्रीने सांगत नाही, बॅटरीचा उजेडही असेल.

मडगावचा_मासा, तुमची व्हिनेगरची बाटली मनात भरली आहे. जूनमध्ये कोणी पुण्याला येणार असेल तर निरोप द्या.

मडगावचा_मासा | १८ मे, सकाळी ८.००

भाचा ८ जूनला कात्रजला येतोय. अर्धा लिटर देतो पाठवून. सोरपोतेलवाली बाटली कोणती ते आईला विचारून मगच भरेन.

डबकं | १८ मे, सकाळी ८.४५

शेवाळताई, माझी अंडी काल फुटली. सिंहगड रोडलाच राहतो. चमचाभर विरजण मिळेल का?

शेवाळ | १८ मे, सकाळी ९.०५

आजच या, संध्याकाळी सहानंतर. आजच्या आज लावलंत तर चार-पाच दिवसांत भिंत चढायला लागेल. ओट्स आणि यीस्ट घरी आहेत ना? डबा मी देते, पण तो परत हवा. श्रीखंडाचे डबे सासूबाई मोजून ठेवतात.